आतड्यांचा दाह आणि नियतीवादाचा भ्रम

माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या जन्मात शोधावयाचे की त्याच्या जीवनाच्या परिस्थितीत, हा वाद जुना आहे. जन्मावरून माणसाचे भवितव्य ठरविणाऱ्या विचाराशी झुंजण्यातच या देशातील परिवर्तनाच्या चळवळींची कित्येक दशके खर्ची पडली. तोच नियतीवाद जेव्हा प्रयोगशाळेचा पांढरा अंगरखा घालून पुढे येतो, तेव्हा त्याला ओळखणे अधिक कठीण जाते. आतड्यांच्या चिवट दाहाच्या रोगांवरील गेल्या पाव शतकातील संशोधन या दृष्टीने कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे असे आहे.

हे रोग मुख्यतः दोन. मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा एक. आणि पचनमार्गात कोठेही, पण विशेषतः लहान आतड्याच्या शेवटच्या भागात खोलवर दाह निर्माण करणारा क्रोन्स हा दुसरा. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. पोटदुखी, रक्त पडणारे जुलाब, सततचा थकवा आणि घटते वजन यांनी रोगी पिचून जातो. रोगी बहुधा ऐन कमावत्या वयातला असतो. शरीराची संरक्षणव्यवस्था आतड्यातील जिवाणूंविरुद्धचे युद्ध थांबवीत नाही आणि त्यात स्वतःचेच घर जाळते, असे या रोगांचे स्वरूप सांगता येईल.

युरोप-अमेरिकेतील सुखवस्तूंचे दुखणे म्हणून हे रोग दीर्घकाळ ओळखले गेले. पंजाबातील पाहणीने या समजुतीला धक्का दिला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे आढळले. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील नव्याने औद्योगिक झालेल्या देशांत या रोगांचा फैलाव वाढत असल्याचे त्यानंतरच्या अभ्यासांनी दाखविले आहे.

याच काळात शास्त्रज्ञ जनुकांचा माग काढीत होते. क्रोन्सशी निगडित असे ‘नॉड-टू’ हे जनुक २००१ साली सापडले. २०१२ पर्यंत या रोगांशी संबंध असलेली १६३ जनुकीय स्थाने नोंदली गेली. पुढे त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. परंतु या साऱ्यांची गोळाबेरीज केली, तरी रोग कोणाला होतो आणि कोणाला नाही, यातील थोडाच भाग उलगडतो. एकबीज जुळ्यांची जनुके सारखीच असतात. तरीही एकाला क्रोन्स झाला असता दुसरा पुष्कळदा निरोगी राहतो. कोलायटिसच्या बाबतीत तर बहुतेक वेळा राहतो. शिवाय जनुके एका पिढीत बदलत नाहीत. रोगाचे प्रमाण मात्र एका पिढीत बदलते. इंग्लंडमधील लेस्टर शहरात दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत कोलायटिसचे प्रमाण त्यांच्या युरोपीय शेजाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. कॅनडात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांच्या तेथे जन्मलेल्या मुलांनाही या रोगांचा धोका इतर कॅनडावासीयांइतकाच असल्याचे दिसून आले. रक्त तेच राहिले, भूमी बदलली आणि रोग बदलला.

मग परिस्थिती शरीरात शिरते तरी कशी? या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट एपिजेनेटिक्स, म्हणजे अधिजनुकीय विज्ञान, दाखविते. कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली हा शब्द रूढ केला. प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण ग्रंथ असतो. पण त्यातील कोणती पाने उघडी ठेवायची आणि कोणती मिटायची, हे डीएनएवर चिकटणारे मिथिल गट, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने आणि सूक्ष्म आरएनए यांवर अवलंबून असते. ग्रंथाची अक्षरे तीच राहतात, त्याचे वाचन बदलते. आहार, तंबाखूचा धूर आणि आतड्यातील जिवाणूंनी निर्माण केलेली द्रव्ये या वाचनावर परिणाम करतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या डीएनएवर सहा दशकांनंतरही त्या उपासमारीच्या खुणा सापडल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. युद्धाची आणि भुकेची नोंद केवळ इतिहासाच्या पुस्तकात राहत नाही, हा त्याचा अर्थ.

आतड्याच्या रोग्यांच्या रक्तात आणि आतड्याच्या अस्तरातही मिथिल गटांची मांडणी बदललेली आढळते. मात्र येथे घाई करून चालणार नाही. क्रोन्स झालेल्या मुलांच्या रक्ताचा एक महत्त्वाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळी दिसलेल्या बहुतेक खुणा उपचारांनी दाह शमल्यावर पुसट झाल्या. म्हणजे त्या रोगाचे कारण नसून परिणाम होत्या. याउलट आतड्याच्या अस्तरातील पेशींमध्ये असे काही बदल टिकून राहतात आणि त्यांचा रोगाच्या पुढील वाटचालीशी संबंध दिसतो, असे केंब्रिजमधील अभ्यासकांनी २०१८ साली मांडले. तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. साध्या घोषणांना शरीर दाद देत नाही, याचे आणखी एक उदाहरण धूम्रपानाचे. त्याने क्रोन्सचा धोका वाढतो. कोलायटिसचा मात्र धूम्रपान करणाऱ्यांत कमी आढळतो.

हा सावधपणा डाव्या विचाराच्या माणसाने तर अधिकच बाळगावयास हवा. परिस्थितीच सर्व काही घडविते, हे ऐकावयास आपल्या चळवळीला नेहमीच गोड वाटते. त्याच गोडीने सोव्हिएत संघात लायसेन्कोला डोक्यावर घेतले गेले. १९४८ साली तेथे जनुकशास्त्रावर अधिकृत बहिष्कार पडला. त्यापूर्वीच, १९४३ साली, निकोलाय वाविलोव्हसारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचा तुरुंगात अंत झाला होता. सत्तेने सत्य ठरविले, की विज्ञान मरते आणि शेतेही पिकत नाहीत. अधिजनुकीय विज्ञान म्हणजे लायसेन्कोचा विजय नव्हे. माणसात अशा खुणांपैकी बहुतेक बीजपेशींच्या व गर्भाच्या प्रारंभीच्या अवस्थेत पुसल्या जातात. त्या पिढ्यान्‌पिढ्या उतरतात असे सिद्ध झालेले नाही. जनुकेही खरी आहेत आणि परिस्थितीही खरी आहे. खोटा आहे तो या दोहोंपैकी एकालाच सर्वाधिकार देणारा हट्ट.

दुसरा सापळा बाजाराचा आहे. परिस्थिती शरीरावर खुणा उमटविते असे म्हणताच ‘तुमची परिस्थिती तुम्हीच सुधारा’ असा उपदेश सुरू होतो आणि सर्वांत आधी आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. पण गर्भारपणात काय खावे, हे मजूर बाईच्या इच्छेवर किती आणि तिच्या मजुरीवर किती अवलंबून असते? २१ देशांतील एक लाखाहून अधिक प्रौढांच्या पाहणीत, अतिप्रक्रिया केलेले अन्न जितके अधिक तितका आतड्यांच्या दाहाचा धोका अधिक, असा संबंध २०२१ साली दाखविला गेला. अन्न एकजीव ठेवण्यासाठी कारखान्यात घातल्या जाणाऱ्या काही द्रव्यांनी उंदरांच्या आतड्यातील जिवाणूंचा तोल ढळून दाह वाढल्याचे २०१५ साली दिसून आले होते. आणि शासनाचे धोरण काय? २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जो मसुदा पुढे आणला, त्यात पाकिटावर स्पष्ट इशाऱ्याऐवजी ताऱ्यांचे मानांकन सुचविले होते. धोक्याच्या पाटीच्या जागी शाबासकीची पाटी लावण्याचाच हा प्रकार होय!

उपचारांची कथाही वेगळी नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांच्यात फरक करणे तज्ज्ञांनाही अवघड जाते. कित्येक रोगी क्षयाची औषधे महिनोन्‌महिने घेत राहतात आणि दुर्बिणीच्या तपासणीसाठी मोठे शहर गाठेपर्यंत आतडे अरुंद होऊन बसते. सल्फासॅलॅझिन हे जुने औषध स्वस्त आहे, ते मुख्यतः कोलायटिसला. १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्य झालेल्या इन्फ्लिक्सिमॅबपासून सुरू झालेली जैविक औषधे गुणकारी असली, तरी सामान्य श्रमिकाच्या आवाक्याबाहेरची. ती सुप्त क्षय जागा करू शकतात. म्हणून येथे ती अधिक काळजीने द्यावी लागतात. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या उत्पादनावर मक्तेदारी नाकारून स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा केला होता. २००५ च्या दुरुस्तीने तो पुन्हा अरुंद केला. उद्या अधिजनुकीय चाचण्या आणि औषधे निघतील, तेव्हा त्यांचा मालक कोण, हा प्रश्न आजच विचारावयास हवा.

विज्ञानाने एक गोष्ट निःसंशय सांगितली आहे : रोगाच्या कपाळावर जन्माचा शिक्का नाही. ज्या परिस्थितीत रोग वाढतो, ती माणसांनी घडविलेली आहे. म्हणून ती माणसांना बदलता येते. अन्नाच्या कारखानदारीवर सार्वजनिक नियंत्रण, गर्भवतीला पोटभर सकस अन्न, जिल्हा रुग्णालयात दुर्बिणीची सोय आणि परवडणारी औषधे या मागण्यांसाठी संशोधनाचा शेवटचा शब्द लिहिला जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. त्या प्रयोगशाळेच्या दारात नव्हे, विधिमंडळात आणि रस्त्यावर मांडावयाच्या आहेत.