खोडणे म्हणजे दुरुस्ती नव्हे



आपल्या डीएनएमधले सायटोसिन हे अक्षर पाण्यामुळे आपोआप बिघडून त्याचे युरॅसिल होते. ते काढणारे एन्झाइम टोमास लिंडाल यांना १९७४ साली जिवाणूंत सापडले. २०१५ च्या नोबेलचे ते एक मानकरी. हे एन्झाइम साखळी फेकत नाही, फक्त बिघडलेले अक्षर काढते. पण रिकामी जागाही घातकच. म्हणून दुसरी एन्झाइमे समोरची साखळी पाहून योग्य अक्षर बसवतात, सांधा जोडतात.

बीदर-कलबुर्गीकडच्या आम्हा मंडळ्यांत कुणी चुकला की आम्ही त्याचे नावच खोडतो आणि त्याची जागा रिकामी राहते. ही शिस्त अर्धवट आहे. पाप काढावे, माणूस नव्हे. गलतीकरांस पत्र ६:१ सौम्यतेने सावरायला सांगते. येत्या रविवारी उपासनेनंतर त्या घरी जाऊ या.