वेताळाची गुहा आणि आपली ग्रंथालये

कॉमिक्ससारख्या विषयावर महाविद्यालयाच्या वार्षिकांकात लेख लिहावा की नाही, ह्याविषयी आमच्या स्टाफरूममध्ये दोन मते पडली. विद्यार्थी आधीच फारसे वाचत नाहीत, त्यात प्राध्यापकांनीच चित्रांच्या चोपड्यांचा कैवार घ्यावा हे काही बरे नव्हे, असे एक मत. दुसरे मत माझे. संपादकांनी दुसऱ्या मताला चार पाने दिली आहेत, तेव्हा त्यांचे आभार मानून सरळ मुद्द्यावर येतो.

अमेरिकेत जून १९३८ ह्या तारखेचा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला आणि त्यात सुपरमॅन अवतरला. पुढच्याच वर्षी बॅटमॅन आला. दहा सेंटांच्या ह्या चोपड्या मुलांनी वाचल्या, फाडल्या, टाकून दिल्या. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या त्यांत उरल्यासुरल्या गेल्या. म्हणून तर २०१४ साली त्या पहिल्या अंकाची एक प्रत बत्तीस लाख डॉलरांच्या वर विकली गेली! परंतु ही लिलावाची बातमी मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाची गोष्ट १९६५ सालची आहे. त्या वर्षी ज्यूल्स फायफर नावाच्या व्यंगचित्रकाराने ह्या आरंभीच्या वीरांच्या कथा एकत्र करून, त्यांना स्वतःचा दीर्घ निबंध जोडून, एक जाडजूड पुस्तक काढले. रद्दीला पुठ्ठ्याचे आवरण आणि प्रस्तावना मिळाली. पुढे १९८७ आणि १९८९ पासून तिथल्या दोन्ही मोठ्या प्रकाशनसंस्थांनी जुन्या अंकांच्या संग्रहांच्या मालिकाच सुरू केल्या. मूळ चित्रे हरवलेली असल्यामुळे जुन्या छापील अंकाचा रंग रसायनाने उडवून खालची काळी रेघ तेवढी वर काढायची, अशीही एक पद्धत निघाली. एक जुना अंक त्यात कायमचा जायचा, तेव्हा कुठे नवा संग्रह उभा राहायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? ते संग्रह चाळले की उत्तर मिळते. आपल्याला ठाऊक असलेला सुपरमॅन हा आकाशात उडणारा, झेंड्याचा अभिमानी, सभ्य गृहस्थ आहे. १९३८ चा सुपरमॅन उडत नाही, लांब उड्या मारतो. आणि तो संतापलेला आहे! पहिल्याच अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची गठडी वळतो आणि लाच देऊन कायदे करवून घेणाऱ्या दलालाला हवेत लोंबकळवतो. तिसऱ्या अंकात तर एका खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून मजुरांचे जिणे म्हणजे काय ते दाखवून देतो. महामंदीत वाढलेल्या दोन गरीब ज्यू मुलांनी, जेरी सीगल आणि जो शूस्टर ह्यांनी, तो निर्माण केला होता, हे ह्या पानांवरून सांगितल्याशिवाय कळते. त्या दोघांना तेरा पानांचे मिळून १३० डॉलर मिळाले आणि त्यातच सर्व हक्क गेले. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघण्याच्या सुमारास वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे त्यांना वार्षिक वेतन आणि निर्माते म्हणून नाव मिळाले. तसाच सुरुवातीचा बॅटमॅन. तो चक्क पिस्तूल वापरतो! नंतरच्या संपादकांनी ते काढून घेतले. मूळ पाने पुन्हा छापली गेली नसती तर हे सगळे ऐकीव गोष्टींत जमा झाले असते.

आता आपल्याकडे वळू. आपला पहिला वीर सुपरमॅन नव्हे. आपला वीर वेताळ.

ली फॉक ह्यांचा 'फँटम' १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांत सुरू झाला, म्हणजे तो सुपरमॅनपेक्षा दोन वर्षांनी वडील. अंगाला चिकटलेला पोशाख, मुखवटा, मुखवट्याआड बुबुळे नसलेले डोळे, हे सगळे त्याने आधी आणले. आपल्याकडे तो प्रथम 'इलस्ट्रेटेड वीकली'त आला आणि मार्च १९६४ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मंडळींनी 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले तेव्हा घरोघर पोचला. सुरुवातीचे बत्तीस अंक नुसते त्याचेच होते. मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी त्यानंतर आली. १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आला, तो मात्र अस्सल इथला. जीन्सवर भगवा कुर्ता घालणारा आणि डाकूंशी लढणारा हा तरुण आम्हा माळव्यातल्या मुलांना जवळचा वाटे, कारण चंबळ आमच्या महूजवळच जानापावच्या डोंगरात उगम पावते आणि डाकूंच्या बातम्या आमच्या रोजच्या होत्या. १९९० साली 'इंद्रजाल' बंद पडले. तोवर आठशेच्या आसपास अंक निघाले होते, इंग्रजीत, हिंदीत, मराठीत, कन्नडमध्ये आणि आणखी कितीतरी भाषांत.

मी मूळचा जुन्या इंदूरचा. खान नदीपलीकडची ती जुनी वस्ती. शनिमंदिरामुळे बाहेरच्यांना ठाऊक असलेली. होळकरांचे राज्य १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ साली मध्य प्रदेश झाला. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि रस्त्यावर दोहोंची खिचडी, अशी आमची पिढी वाढली. शाळेतल्या हिंदी मुळाक्षरांत 'ळ' नव्हता. आता गंमत पाहा : हिंदी अंकावर 'वेताल' असे आणि मराठी अंकावर 'वेताळ' असे. चित्र तेच, गुहा तीच, कवटीची अंगठी तीच. फरक एका अक्षराचा. तो 'ळ' आमच्यातल्या कित्येकांनी शाळेच्या पुस्तकात नव्हे, तर भाड्याने आणलेल्या त्या चोपडीवर प्रथम नीट पाहिला. आजी म्हणायची तो उच्चार छापतात असा, हे तिथे कळले. (आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना ह्याचे नवल वाटणार नाही, त्यांच्याकडे हे अक्षर सुखाने नांदते आहे.) ज्यांना मराठी शाळेत शिकायला मिळाली त्यांना कॉमिक्स म्हणजे वेळेचा अपव्यय वाटणे समजू शकते. सीमेवरच्या गावांत, इंदूर-बडोद्यासारख्या शहरांत, जिथे भाषा घराच्या उंबरठ्याआतच उरली होती, तिथे ती चोपडी हे मराठी छापील वाचनाचे पहिले पाऊल होते. कित्येकांचे ते शेवटचेही ठरले, ही गोष्ट निराळी.

आणि नाव तरी काय बेमालूम निवडले! बंगालीत त्याला 'अरण्यदेव' केले. तेही सुंदर आहे, पण 'वेताळ' ह्या शब्दाने जे साधले ते कशानेच साधले नसते. मूळ फँटमला लोक चालते-फिरते भूत समजतात. पिढ्यान्पिढ्या तो मरत नाही असे मानतात. आणि आमच्या कोकणात वेताळ हा गावाचा राखणदारच! आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती गस्त घालतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा. ज्या कोणाला न्यूयॉर्कहून आलेल्या त्या मुखवटेधाऱ्याला पाहून हा शब्द सुचला, तो माणूस नुसता भाषांतर करणारा नव्हता. त्याचे नाव मात्र आम्हा वाचकांना कधी कळले नाही. सीगल-शूस्टरना सदतीस वर्षांनी का होईना नाव मिळाले. आमच्या मराठी अनुवादकांना कोण देणार?

तर माझे म्हणणे असे की, ह्या मराठी 'इंद्रजाल'चे निवडक संग्रह निघावेत आणि ते जसेच्या तसे निघावेत. 'जसेच्या तसे' ह्या शब्दांवर माझा जोर आहे, कारण वाद तिथेच होतो.

फँटमच्या मूळ अमेरिकन पट्ट्यांचे संग्रह आज इंग्रजीत मिळतात. २०१० पासून ते क्रमाने निघू लागले. ते उत्तम आहेत. पण ते वाचून आपण जे वाचले ते परत मिळत नाही. 'इंद्रजाल'वाल्यांनी मूळ कथा ठरावीक पानांत बसवण्यासाठी चौकटी कापल्या. मूळ कथेतला देश 'बंगाला' हा बंगालसारखा वाटतो म्हणून त्याचे 'डेंकाली' केले. मूळ चाच्यांची टोळी 'सिंग' नावाची होती, ती 'सिंगा' झाली. वडिलांचा खुनी 'रामा', तो 'रामालू' झाला! ह्यावर हसू येते. पण थोडे थांबून विचार केला तर दिसते की, स्वातंत्र्यानंतर सतरा वर्षांनी मुंबईत बसलेला एक संपादक अमेरिकेतल्या लेखकाची चूक आपल्या परीने दुरुस्त करीत होता. शिखांना आणि रामाला खलनायक म्हणून तो छापणार नव्हता. ही खाडाखोड हाच आपला इतिहास आहे. उद्या कोणी 'शुद्ध' आवृत्ती काढण्याच्या नादात डेंकालीचे पुन्हा बंगाला करील, तर तो आपला पुरावा पुसून टाकील.

आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेचा आक्षेप ह्याहून गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. त्या म्हणतात, ह्या कथेत एक गोरा माणूस जंगलात सिंहासनावर बसतो, बुटके काळे लोक त्याला राजा मानतात आणि तुम्ही हे पुन्हा छापून मुलांच्या हातात देणार? आक्षेप खरा आहे. १९३६ च्या कथांत तो रंगभेद ठळक दिसतो. परंतु म्हणूनच त्या लपवू नयेत असे मी म्हणतो. पुढे साठोत्तरी कथांत हाच ली फॉक त्या देशाला लोकशाही देतो, डॉ. लामांडा लुआगा नावाचा कृष्णवर्णीय अध्यक्ष देतो. मुळात आशियात कुठेतरी असलेला देश हळूहळू आफ्रिकेत सरकतो. जगातली साम्राज्ये कोसळत होती आणि त्यांची धूळ ह्या चौकटींवर पडत होती. हे समजायचे तर आधीचे आणि नंतरचे, दोन्ही समोर हवे. आमचे राज्यशास्त्राचे विद्यार्थी वसाहतवादावर दहा गुणांचे उत्तर पाठ करतात. त्यापेक्षा दोन वेताळकथा शेजारी ठेवून वाचल्या तर त्यांना अधिक कळेल असे मला प्रामाणिकपणे वाटते. शिवाय, हे संग्रह मुलांसाठी नव्हेतच. मुलांसाठी नवे लिहा, नवे काढा. संग्रह हा मोठ्यांच्या कपाटासाठी, प्रस्तावनेसह आणि टिपांसह असावा. बाईंना हे अर्धेच पटले आहे. अर्धे पटले हेही काही कमी नाही.

दुसरा आक्षेप फुटकळ आहे : ही परदेशी चोपडी, हिच्यापायी आपले काही का जपू नये? जपावेच. 'अमर चित्रकथा' १९६७ पासून निघते आणि तिचे बांधीव संच आजही मिळतात, ते तिच्या प्रकाशकांनी जपले म्हणून. 'बालभारती'ने १९७१ मध्ये सुरू केलेल्या 'किशोर' मासिकातले निवडक साहित्य पुस्तकरूपाने काढले आणि जुने अंक संगणकावर खुले केले. ह्यासारखे शहाणपणाचे काम मराठीत क्वचित झाले आहे. 'इंद्रजाल'ला असा वाली नाही. चित्रांचे हक्क अमेरिकेतल्या सिंडिकेटकडे, मराठी मजकूर मुंबईच्या बंद पडलेल्या खात्याचा आणि प्रती लोकांच्या माळ्यांवर. तिघांना एका टेबलाशी बसवील असा प्रकाशक हवा.

तोवर काय? तोवर ग्रंथालये. आणि इथे माझी तक्रार आहे. काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या निधनानंतर त्यांच्या घरचे साठ-सत्तर मराठी अंक मी एका ग्रंथालयाला देऊ केले. 'ही पुस्तके नव्हेत आणि मासिकेही नव्हेत, नोंद कुठे करायची?' असा प्रश्न आला आणि गठ्ठा परत आला. प्रश्नात द्वेष नव्हता, नुसते रकान्याचे दुखणे होते. इंदूरच्या खजूरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात असा एखादा अंक निघालाच तर दुकानदार आता त्याचा भाव बरोबर ओळखतो. रद्दीवाल्याला जे कळले ते आम्हा ग्रंथपालांना-प्राध्यापकांना अजून कळायचे आहे. ग्रंथ जमा करण्याविषयीचा १९५४ चा कायदा प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायला सांगतो. पण बेळगाव-इंदूरच्या विद्यार्थ्याने मराठी वेताळ पाहण्यासाठी कोलकात्याला जावे काय?

आमच्या ग्रंथपालांशी मी बोललो आहे. वाचनकक्षातले खिडकीशेजारचे लोखंडी कपाट रिकामे करून द्यायला ते तयार आहेत. वरचे दोन कप्पे मराठीला, खालचे दोन कन्नडला. नोंदवहीत 'चित्रकथा' असा नवा रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने आखला आहे. ते परत आलेले साठ-सत्तर अंक तिथे आधीच ठेवले आहेत. ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, गादीखाली असे अंक पडले असतील, मुखपृष्ठ गेलेले असले तरी चालेल, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईआधी ते आणून द्यावेत. कन्नड अंक विशेष हवे आहेत, कारण त्या कप्प्यांत अजून एकही नाही. ते आले की मराठी आणि कन्नड अंकांतली एकच कथा शेजारी ठेवून वाचण्याचा कार्यक्रम आम्ही करणार आहोत. मला कन्नड वाचता येत नाही. कन्नड विभागाच्या संपादकांनी मोठ्याने वाचून दाखवण्याचे कबूल केले आहे.