काच अडली म्हणून मोटार बदलू नका

टेल्कोने 1991 मध्ये आणलेल्या पुण्याच्या टाटा सिएरात बटण दाबताच खाली जाणारी काच ही तेव्हाची चैन होती. आज त्याच गाडीची काच अर्ध्यात अडली, की काच हलवणारी मोटार बदलायचा सल्ला आधी मिळतो, आणि तो बहुतेक वेळा घाईचा असतो. डोअर पॅड काढून मोटारीला बॅटरीवरून थेट वायर द्या. ती जोमाने फिरली तर दोष वाटेत आहे: स्विचचे काळे पडलेले पॉइंट, दाराच्या सांध्यात उघडझापीने आतल्या आत तुटलेली वायर, नाहीतर गंजलेलं अर्थिंग. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट आणि चालत्या मोटारीशी नऊच पोचत असतील, तर नवी मोटारही तशीच कण्हणार. बेंबळीसारख्या गावात काळ्या रानातली धूळ काचेच्या रबरी खाचेत बसते, उन्हाने रबर कडक होतं आणि सगळं ओझं मोटारीवर येतं. खाच पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा. ग्रीस मात्र नको, ते धूळ धरून ठेवतं. तासभर शोधत बसण्यापेक्षा नवी मोटार स्वस्त, असं गॅरेजवाला म्हणेल. रोजच्या गाडीपुरतं ते खरंही आहे. पण जुन्या सिएरात भलतीच मोटार बसवायची, तर पट्टी कापावी लागते, दारात भोकं पाडावी लागतात, आणि ते दार पुन्हा मूळचं होत नाही. अगदी मोटारच थकली असली, तरी अनेकदा झिजलेले असतात ते कार्बन ब्रश, आणि ते बदलणं मोटारी भरणाऱ्या कारागिराच्या रोजच्या हातातलं काम आहे.