नंबर कितवा?

रोज मगरिबच्या नमाजनंतर अब्बा खुर्चीत बसतात आणि मी शाळेतून, शिकवणीतून किंवा बाजारातून आलेला दिसलो की विचारतात, "क्या रे, नंबर कितवां है?" दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी विजेवर चालणारी गाडी बुक केली. म्हणजे ऑक्टोबर २०२२. आता मार्च अर्धा सरला. जुन्या पेन्शनसाठी परवापासून आम्ही शिक्षक संपावर आहोत, म्हणून घरी बसून हे लिहायला सवड मिळाली आहे. अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे अजूनही नाही. कारण मला नंबरच दिलेला नाही.

गाडीचं आणि शोरूमचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझी तक्रार एका दुकानापुरती नाही. ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी अशी गाडी बुक केली, ते सगळे याच गोष्टी सांगतात.

अब्बा 'नंबर' हा शब्द का धरून बसले आहेत, ते आधी सांगतो. त्यांनी १९७६ साली सोलापुरात चेतक स्कूटर बुक केली होती. त्या काळी चेतकसाठी आठ-दहा वर्षं थांबावं लागे, हे आज चाळिशीच्या पुढे असलेल्या प्रत्येकाने घरात ऐकलेलं आहे. अब्बांकडे बुकिंगचा कागद होता, त्यावर नंबर होता. तो कागद त्यांनी कुराणशरीफच्या रेहालीखालच्या कप्प्यात ठेवला होता, असं अम्मी सांगते. १९८४ साली नंबर लागला. नेमकं त्याच महिन्यात फूफीचं लग्न ठरलं. अब्बांनी स्कूटर ताब्यात घेतली आणि दारातसुद्धा न आणता जास्तीचे पैसे घेऊन दुसऱ्याला दिली. त्या पैशात मंडप उभा राहिला, जेवणं झाली. अब्बा निवृत्त होईपर्यंत सायकलवरच कामावर गेले. ते आठ वर्षं थांबले, पण आपण रांगेत कुठे उभे आहोत हे त्यांना माहीत होतं. नंबर सरकला की कळायचं, नाही सरकला तरी कळायचं.

माझ्याकडे काय आहे? एकवीस हजार रुपये भरल्याची मोबाईलवर आलेली पावती, एक लांबलचक बुकिंग क्रमांक आणि 'अंदाजे' हा शब्द. बुकिंग क्रमांक रांगेतला नंबर नव्हे, हे मला चौथ्या महिन्यात उमगलं. तो फक्त ओळख पटवण्यासाठी असतो. आधी जानेवारी सांगितला, मग फेब्रुवारी, मग 'चिपचा तुटवडा आहे सर'. चिपचा तुटवडा खरा होता, मी ते नाकारत नाही. करोनानंतर जगभरच्या वाहन कारखान्यांना त्याने जेरीस आणलं. पण चिप कमी आहे याचा अर्थ दिवसाला गाड्या कमी बनतात एवढाच होतो. माझ्यापुढे किती जण आहेत, हे सांगायला कुठली चिप लागते?

आठवीच्या वर्गात मी 'वाट पाहणे' हा वाक्प्रचार शिकवत होतो. मुलं उर्दू माध्यमाची, तेव्हा मी फळ्यावर शेजारी 'इंतिजार' लिहिलं. इंतिजार आणि नजर एकाच अरबी धातूतून आलेले शब्द आहेत, म्हणजे त्यातही पाहणंच आहे. मराठी माणूस वाट पाहतो, उर्दू बोलणारा नजर लावून बसतो, दोघांचे डोळे रस्त्यावर. मी रंगात येऊन हे सांगत असताना मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, वाट बघता बघता वाट लागते." त्याला मी दहापैकी दहा दिले.

हे सगळं मी का करतोय, असं वाचणारे विचारतील. हौस म्हणून नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. थोडी हौस आहेच. पण हिशोबही आहे. पंचवीसेक युनिटांची बॅटरी, रात्रभर पंधरा अँपियरच्या सॉकेटवर लावली की सकाळी भरते. कंपनी तीनशेच्या पुढचा आकडा सांगते, रस्त्यावर दोनशे किलोमीटर धरून चालावं. घरगुती दराने ते अडीचशे रुपयांच्या आसपास बसतात. तेवढ्याच अंतराला पेट्रोल शंभराच्या वरच्या भावाने बारा लिटर तरी लागेल. गाडीवर जीएसटी पाच टक्के, महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणामुळे रस्ता कर माफ. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तोच कर अकरा टक्के असतो. नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या आणि पेन्शनची खात्री नसलेल्या शिक्षकाला हे आकडे रात्री झोपू देत नाहीत.

आणि हिशोबापलीकडे अम्मी आहे. तिचे गुडघे गेले आहेत. एसटीची पायरी तिला चढवत नाही. तिची थोरली बहीण, आमची खालाजान, अक्कलकोटला अंथरुणावर आहे. अंतर चाळीस किलोमीटर. भाड्याची गाडी करून मी दोनदा नेलं अम्मीला. दोन्ही वेळा ती अर्ध्या तासात "चल, गाडीवाला खोळंबलाय" म्हणत उठली. तिला तिथे दिवसभर बसायचंय, बहिणीचे केस विंचरायचेत. रोजे सुरू होण्याआधी एकदा घेऊन जा, एवढंच तिचं मागणं आहे. चांद दिसेल त्याप्रमाणे २३ किंवा २४ मार्चला पहिला रोजा.

मागच्या आठवड्यात शोरूममधल्या मुलाचा फोन आला. पोरगा चांगला आहे, माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा. म्हणाला, "सर, गाड्यांचा लॉट येतोय. पण बावीस तारखेला पाडवा आहे, सगळ्यांना त्या दिवशीच पाहिजे. तुमच्यात मुहूर्ताचं काही नसतं ना? मग तुमची पाडव्यानंतर करू या का?"

मी हसलो. "नसतं बाबा," म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र ते टोचलं. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, उलट तो मोकळेपणाने बोलला. पाडव्याला गाडी घरी यावी असं वाटणाऱ्यांबद्दलही माझी काही तक्रार नाही. सण हा सण आहे. पण बघा, रांगेत नंबर नसला की काय होतं. ज्याच्याकडे आग्रह धरायला काही कारण आहे तो पुढे जातो, आणि 'यांचं काही नसतं' असं ज्याच्याबद्दल गृहीत धरलंय तो मागे सरकतो. मला मुहूर्त नव्हता, पण अम्मीची तारीख होती. ती मी सांगितली नाही, कारण रांगेत उभ्या माणसाला घरची दुखणी सांगून पुढे जावं लागू नये असं मला वाटतं. नंबर असता तर मला अम्मीचे गुडघे सांगावे लागले नसते आणि त्याला माझा धर्म आठवावा लागला नसता.

दुसरी गोष्ट कर्जाची. याच मुलाने डिसेंबरात हळू आवाजात सांगितलं होतं, "सर, लोन केलंत तर फाईल लवकर सरकते." मी रोख घेतोय. सहा वर्षं शाळेतल्या बारा जणांच्या भिशीत पैसे टाकून आणि शिकवण्यांतून साठवून जमवले आहेत. व्याज घ्यायचं नाही आणि शक्य तोवर द्यायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक आहे. तो पाळताना दरवेळी जमतंच असं नाही, फ्लॅट घेताना जमलं नव्हतं. गाडीच्या बाबतीत तरी जमवायचं असं ठरवलं.

तर सरकारी सवलतीचं असं आहे. आयकराच्या ८० ईईबी कलमाखाली विजेच्या गाडीसाठी कर्ज काढलं तर त्याच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट मिळते. कर्ज ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेलं हवं. म्हणजे सवलत गाडीला नाही, व्याजाला आहे! माझ्यासारख्या रोख घेणाऱ्याला छदामही नाही. यात मी मुसलमान म्हणून वेगळं काही मागत नाही. भविष्य निर्वाह निधीतून गाडी घेणाऱ्या निवृत्त माणसालाही हेच लागू होतं. हवा स्वच्छ व्हावी म्हणून सवलत द्यायची असेल, तर ती बँकेच्या दारातून जाण्याची अट कशासाठी? बिनव्याजी बँकिंगची शिफारस २००८ साली रघुराम राजन समितीने केली होती. समाजातला मोठा वर्ग बँकेपासून दूर राहतो, हे त्यामागचं कारण होतं. पुढे २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विचार सोडून दिला. ठीक आहे. मग निदान व्याज न देणाऱ्याला रांगेत तरी मागे टाकू नका.

माझे एकवीस हजार पाच महिने कुणाकडे तरी आहेत. अशा दहा हजार जणांनी भरले तर एकवीस कोटी होतात. त्यावरचं व्याज मला नको, पण ते कुणाला तरी मिळतंय, हे मला समजतं. आमच्या फिक्हमध्ये आगाऊ पैसे घेऊन पुढे माल देण्याच्या व्यवहाराला 'सलम' म्हणतात. तो चालतो, पण अटींवर: वस्तू कोणती, किती आणि कोणत्या तारखेला, हे आधी ठरलेलं पाहिजे. तारीख अंदाजे असेल तर सौदाच कच्चा. खजुराच्या बागांच्या व्यापारात जी अट घालता आली, ती मोबाईलवर क्षणाक्षणाला पार्सल कुठे पोचलं ते दाखवणाऱ्या काळात घालता येऊ नये? माझी मागणी साधी आहे. बुकिंगच्या पावतीवर रांगेतला नंबर छापा, तो सरकेल तसा दाखवा, आणि तारीख चुकली तर पैसे परत घ्यायचे की थांबायचं, हे ग्राहकाला विचारा.

या वाट पाहण्यातला एक भाग शोरूमबाहेरचाही आहे. आमचं जुनं घर मोहल्ल्यात होतं. तिथे गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागे. गाडी उभी कुठे करणार आणि वायर कुठून ओढणार? विजेची गाडी घेणाऱ्याकडे स्वतःचं पार्किंग आणि स्वतःचं सॉकेट असणार, असं सगळ्यांनी धरलेलंच आहे. नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी वीस टक्के जागेत चार्जिंगची सोय असावी, असं केंद्राने नमुना नियमावलीत २०१९ सालीच घातलं. जुन्या वस्त्यांनी काय करायचं ते कुठे दिसत नाही. मी फ्लॅटमध्ये राहायला आलो म्हणून या गाडीचा विचार तरी करू शकलो. तिथेही सोसायटीला अर्ज दिला, तर बैठकीत तळमजल्यावरच्या एका काकांनी आक्षेप घेतला. आग लागली तर जबाबदार कोण? तेरा फ्लॅटांत आमचं घर एकटं. रात्रभर मी विचार करत होतो की हा आक्षेप गाडीला आहे की माझ्या नावाला. बेगम म्हणाली, "त्यांनी गेल्या वर्षी गच्चीवरच्या सोलरलाही विरोध केला होता, तो कुणाच्या नावाला होता?" तिचं खरं होतं. तरी तो प्रश्न मनात आला, ही गोष्ट मी लपवत नाही. आपल्याकडे साधा नकारही आता दोनदा तपासून घ्यावा लागतो.

पुढच्या बैठकीत मी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या सूचना छापून नेल्या. घराच्या आहे त्याच वीजजोडणीवर आपली गाडी चार्ज करता येते, असं त्यात स्पष्ट आहे. वायरमनला बरोबर नेलं, त्याने अर्थिंग आणि एमसीबी समजावून सांगितलं. अध्यक्षांनी सही केली. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मीटरपासून खाली पार्किंगपर्यंत जाड केबल आली, भिंतीवर पेटी बसली, तिला कुलूप लागलं. खर्च झाला, पण जानेवारीतच सगळं तयार होतं. गाडी तेवढी नाही.

ती पेटी महिनाभर बंदच होती. फेब्रुवारीत एका संध्याकाळी तेच काका वर आले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "गुरुजी, नातवाने ती बॅटरीची स्कूटर घेतलीय. आमच्या फ्लॅटपासून वायर पोचत नाही. तुमची गाडी येईपर्यंत…" मी किल्ली दिली. आता रोज रात्री दहाला ती स्कूटर तिथे लागलेली असते. युनिट वहीत लिहून ठेवतात, महिन्याला पैसे आणून देतात. काल अब्बा खाली फिरायला गेले तेव्हा त्यांनी ती बराच वेळ निरखून पाहिली आणि त्या नातवाला विचारलं, "तुझा नंबर किती दिवसात लागला?"

"चार दिवसांत, आजोबा," तो म्हणाला.

अब्बा वर येऊन मला काही बोलले नाहीत. आज मगरिबनंतर त्यांनी तो प्रश्नही विचारला नाही.