फायलीतला नाना

लष्करातून निवृत्त होणाऱ्या जवानाच्या वैद्यकीय फायलीत बऱ्याचदा एक नाना भेटतो. हा कुणाचा काका किंवा आजोबा नाही. ‘नायदर ॲट्रिब्यूटेबल टू नॉर ॲग्रव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस’ या लांबलचक वाक्यातली आद्याक्षरं घेतली की नाना होतो. अर्थ असा, की तुमचा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. मेडिकल बोर्ड एवढं लिहितं आणि अपंगत्व पेन्शनचा विषय तिथेच मिटवला जातो.

सुरुंगावर पाय पडून पाय गेला, तर सहसा वाद होत नाही. फोटो निघतो, टाळ्या वाजतात. भांडण होतं ते न दिसणाऱ्या आजारांवरून: रक्तदाब, मधुमेह, फिट्स, मनाचे आजार. ‘हे तर लाइफस्टाइल आजार, आम्हालाही आहेत,’ हा युक्तिवाद मी एसी ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफी घेत ऐकलाय. लाइफस्टाइल कुणाची हो? ड्यूटी कधी, झोप किती, घरी कधी जायचं, अठरा हजार फुटांवर राहायचं की वाळवंटात, यातलं काहीच ज्याच्या हातात नाही, त्याची लाइफस्टाइल ठरवणारं सरकारच असतं.

भरतीच्या वेळी हेच लष्कर त्या पोराला धावायला लावतं, छाती मोजतं, डोळे, कान, दात, तळपाय तपासतं. आमच्याकडे सातारा-कोल्हापूरला पोरं या एका तपासणीसाठी वर्षानुवर्षं पहाटे रस्त्यावर धावतात. इतकं चाळून घेतलेला माणूस ऐन चाळिशीच्या आत-बाहेर गोळ्यांची पिशवी घेऊन बाहेर पडतो, तेव्हा मधल्या वर्षांत काय घडलं हे कुणी सांगायचं?

याचं उत्तर 1982 च्या नियमांतच होतं. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकायचा नाही, आणि शंकेचा फायदा त्याला द्यायचा. 2013 मध्ये धर्मवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. सिग्नल्समधला शिपाई, नऊ वर्षांची नोकरी, फिट्स येतात म्हणून घरी पाठवलेला. बोर्डाने आजाराचा सेवेशी संबंध नाही असं लिहिलं, पण का नाही, याचं कारण दिलं नव्हतं. निकाल शिपायाच्या बाजूने लागला.

प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट व्हॅल्यू ‘हो’ ठेवायची होती आणि ‘नाही’ म्हणायचं तर कारणाचा रकाना भरायचा होता. प्रत्यक्षात डिफॉल्ट ‘नाही’ झालं आणि रकाना कोरा राहू लागला. एखाद्याच्या बाबतीत झालं असतं तर चूक म्हटलं असतं. बारा वर्षांनी, 2025 मध्येही सर्वोच्च न्यायालयाला कारण न देणाऱ्या बोर्डांबद्दल तेच पुन्हा सांगावं लागलं.

रक्कम तरी किती? शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, त्या प्रमाणात खाली. शेवटचा पगार 40 हजार आणि अपंगत्व 20 टक्के असेल तर हिशेब 2,400 रुपयांचा. 20 चे 50 टक्के धरण्याची सवलत मिळाली तर 6,000. ही सवलतही मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना सुखासुखी मिळाली नाही, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकावी लागली.

आता दुसरी बाजू. गैरफायदा घेतला जातो, हे खरं आहे. कॅगच्या 2023 च्या अहवालात निवृत्तीच्या वेळी अपंगत्व पेन्शन मिळवणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या दुपटीच्या घरात दिसलं. खंदकात जास्त दिवस कोण काढतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हा आकडा मलाही खटकतो. मग त्या फायली तपासा की! त्याच वर्षी सरकारने नवे नियम आणले, नोकरी पूर्ण करून जाणाऱ्यांच्या पेन्शनला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नाव दिलं. पण साहेबाने निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब ‘काढला’ असेल, तर त्याची किंमत शिपायाच्या मधुमेहाने का मोजायची? साहेबाला वकील परवडतो. शिपाई पत्र वाचतो, घडी घालतो आणि कपाटात ठेवतो.

आणि जो लढतो त्याचं काय होतं? सियाचीनमध्ये ऑपरेशन मेघदूतवर असताना फिट्स सुरू झालेल्या एका जवानाला 1989 मध्ये घरी पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला 50 टक्क्यांच्या हिशेबाने पेन्शन दिली एप्रिल 2025 मध्ये. मी जन्मायच्या आधीपासून तो माणूस वाट बघत होता. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली होती, कारण मंत्रालय स्वतःच्याच सैनिकांविरुद्ध अपिलांवर अपिलं करत सुटलं होतं. तरीही मार्च 2025 मध्ये सरकार एका निवृत्त सुभेदाराच्या मधुमेहाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात उभं होतं. ‘पीस पोस्टिंग’ला असताना आजार झाला, हे त्यांचं म्हणणं. तीस वर्षांच्या नोकरीत साखर शेवटच्याच पोस्टिंगला चढली, असं कोणत्या डॉक्टरला वाटतं? न्यायालयाला नाही पटलं.

माझी मागणी फार किचकट नाही. बोर्डाचा फॉर्म ऑनलाइन करा. ‘सेवेशी संबंध नाही’ निवडलं की जवानाच्या सगळ्या पोस्टिंग समोर येऊ देत, आणि प्रत्येकीपुढे डॉक्टरने कारण लिहिल्याशिवाय सबमिटचं बटण चालू होऊ देऊ नका. हा फॉर्म मी एका शनिवार-रविवारात करून देतो, फुकट.