दिसतं तसं नसतं...

परवा ऑफिसात एका जिन्यावरून हजार माणसं उतरवली. कॉम्प्युटरवर हो! प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. त्याला दोन-चार नियम द्यायचे, की गर्दी आपोआप तयार होते. ठिपके दाराशी दाटले, कोंडी झाली, मग सुटली. बघणारे म्हणाले, "अगदी खऱ्यासारखं!" आणि तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

कारण खऱ्यासारखं दिसणं हा काही पुरावा नव्हे.

क्रेग रेनॉल्ड्सने १९८७ साली पक्ष्यांच्या थव्याचा प्रोग्रॅम मांडला, 'बॉइड्स' नावाचा. नियम तीनच. शेजाऱ्याला धडकू नका, तो जातोय तिकडे वळा, घोळक्यापासून तुटू नका. थवा इतका हुबेहूब, की 'बॅटमॅन रिटर्न्स'मधली (१९९२) वटवाघळं त्याच पद्धतीने उडवली. त्यात प्रत्येक पक्षी ठराविक अंतराच्या आतले शेजारी बघतो. कुणाला शंका येणार?

रोममध्ये हिवाळ्यात संध्याकाळी स्टार्लिंगचे प्रचंड थवे येतात. आपल्या भोरडीची भावकीच ती. आंद्रेआ कावान्या, इरेने जार्दिना वगैरे भौतिकशास्त्रज्ञांनी एकाच क्षणी वेगवेगळ्या जागांवरून फोटो काढून थव्यातल्या एकेका पक्ष्याची जागा मोजली. २००८ साली त्यांनी निष्कर्ष छापला: पक्षी अंतर बघत नाही, जवळचे सहा-सात शेजारी बघतो, मग ते कितीही लांब असोत. म्हणूनच थवा ताणला गेला तरी तुटत नाही.

म्हणजे नियम दोन आणि चित्र एकच! नुसतं बघून कुठला खरा ते कळणार कसं? जिथे दोन्ही नियम वेगळं काही सांगतात, तिथे जाऊन मोजावंच लागतं.

माझं मत सरळ आहे. निम्मी मोजमापं वापरून मॉडेल जुळवावं, उरलेल्या निम्म्यांना हातही लावू नये. त्यांच्याबद्दलचं भाकीत आधी लिहून ठेवावं, मग पडताळावं. आणि मॉडेल कुठे चुकलं तेही अहवालात लिहावं. पडद्यावरची वटवाघळं चुकीच्या नियमाने उडली तर कुणाचं काही बिघडत नाही. पण माझ्या ठिपक्यांवरून उद्या कुणीतरी दाराची रुंदी ठरवणार आहे.

तेव्हा आई, शनिवारी मी घरी नाही. एका खऱ्या जिन्यापाशी उभा राहून माणसं मोजणार आहे. हसू नकोस!