दया आणि दरपत्रक

भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून १८३२ साली मुंबईत दंगल उसळली. दोनच वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी भुलेश्वरची पांजरापोळ उभारली. त्या परंपरेचा आपल्याला अभिमान. पण कॉटन ग्रीनचा एखादा तरुण कुत्री फिरवण्याचा, मालक परगावी असता त्यांना सांभाळण्याचा व्यवसाय मांडू म्हणतो, तेव्हा वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. मला त्यात हलके काहीच दिसत नाही. मात्र पांजरापोळ दानावर चालते, हा व्यवसाय मोबदल्यावर. दोहोंची वही एक करू नये.

सांभाळण्याची मागणी मे महिन्यात आणि दिवाळीत एकदम येते. बारमाही उत्पन्न रोजच्या फेरीचेच, म्हणून मासिक रक्कम आगाऊ घ्यावी. घराची किल्ली घेताना लेखी पोच द्यावी, रेबीजच्या लसीचा दाखला पाहावा, पशुवैद्याचा खर्च कोणाचा हेही लिहून घ्यावे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय जवळच आहे. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. पण पट्टे-साखळ्यांसाठी कर्ज कशाला?

खरी अडचण आहाराची. पशुवैद्याच्या सल्ल्याने कुत्र्याला संतुलित शाकाहार चालू शकतो. मांजर मात्र मूळचे मांसाहारी. आपल्या पथ्यासाठी त्याला दूधभातावर ठेवणे ही दया नव्हे. ते अन्न ज्याच्या घरात येऊ शकत नाही, त्याने मांजर ठेवून घेऊ नये आणि पहिल्याच भेटीत मालकाला तसे सांगावे.